सरांच्या वह्यांमधलं 'खं. आ.' आणि शनिवारचा बाहेरचा तास

खाडीकाठ (शनिवार, दुपारी ४:१०)

मंडळी, एक सल्ला हवाय आणि थोडं मनही मोकळं करायचंय. धागा लांबला तर सांभाळून घ्या.

दापोली तालुक्यात खाडीकाठी आमचं गाव. तिथल्या हायस्कुलातून मी २००१ साली दहावी झाले. आठवी ते दहावी विज्ञानाला एकच सर. शनिवारी सकाळची शाळा असायची. मधल्या सुट्टीनंतरचे दोन तास सरांनी मुख्याध्यापकांच्या मागे लागून जोडून घेतले होते आणि ते दोन तास वर्गात कधी झालेच नाहीत. सडा (म्हणजे कातळाचं पठार), खाडी, देवराई नाहीतर शाळेची विहीर. पाऊस फारच असला तर व्हरांडा.

सर निसर्गप्रेमावर भाषण द्यायचे असं काही समजू नका. तो शब्दही त्यांच्या तोंडी फारसा ऐकला नाही. मला आठवते ती त्यांची तयारी. शुक्रवारी संध्याकाळी सायकल काढून ते एकटे त्या जागेवर जाऊन यायचे. कुठल्या झाडाला मोहोळ लागलंय, वहाळातला कुठला दगड निसरडा झालाय, भरती किती वाजता, सगळं बघून. पिशवीत सुतळी, भिंग, मोजपट्टी, हळदीची पुडी आणि हातात सायकलची जुनी रिम. रिम गवतात भिरकवायची आणि तिच्या आत जेवढं दिसेल तेवढंच मोजायचं, बाहेरचं नाही. प्रत्येकाला एक आकडा दिलेला. निघताना, पोचल्यावर, परतताना आकडे म्हणायचे. माझा २३. अजून गर्दीत कुणी 'तेवीस' म्हटलं की मान वळते.

एकदा म्हणाले, घरून मसाल्याच्या डब्यातलं दगडफूल आणा. आणलं. मग शाळेमागच्या आंब्याच्या खोडाशी नेऊन म्हणाले, यातलं काही इथे दिसतंय का? खोडावरचे ते राखाडी-हिरवट पापुद्रे आम्ही जन्मभर बघत होतो. ते नि गोड्या मसाल्यातलं दगडफूल एकाच कुळातले, त्यात फूल नाहीच, बुरशी आणि शैवाल भागीदारीत राहतात, आणि हवेत गंधकाचा धूर वाढला की अशी बरीच दगडफुलं सगळ्यात आधी मरतात. धडा पुस्तकात नंतर आला, तोवर आमची परीक्षा होऊन गेली होती.

तर सल्ला कशाचा? सरांनी दर शनिवारच्या नोंदी ठेवल्यात. लाल कापडी बांधणीच्या लांबट हिशेबाच्या वह्या, वर्षाला एक. दर आठवड्याला एक पान: तारीख, तिथी, भरतीची वेळ, पाऊस, विहिरीचं पाणी किती हात खाली, काय फुललं, कुठला पक्षी आला. लिहायची मुलं, पाळीपाळीने, खाली सरांची सही. एकूण २४ वह्या होत्या, ३ वाळवीने खाल्ल्या. सरांच्या घराचं छप्पर बदलायला काढलंय. फोनवर म्हणाले, "तुला हव्यात, की रद्दीवाल्याला बोलावू?" मी गेल्या रविवारी पत्र्याची ट्रंक डोंबिवलीला आणून ठेवली. आता या २१ वह्यांचं करू काय?

दुसरं म्हणजे, तुमच्या शाळेत असं कुणी होतं का, आणि आज हे शक्य आहे का? नवरा म्हणतो, "आठवणीत सगळेच मास्तर चांगले असतात."

आणि एक कोडं. समासात सरांच्या हिरव्या शाईत अधूनमधून 'खं. आ.' लिहिलंय. कधी एकाआड एक शनिवारी, कधी महिनाभर नाही. काय असेल?

अवांतर_मास्तर (शनिवार, दुपारी ४:३२)

खंडाळ्याचा आमरस. पुढचा प्रश्न.

पक्षीवेडा_७८ (शनिवार, संध्याकाळी ५:०५)

खंड्या आला. यात कोडं कसलं? खाडीकाठी धीवर म्हणजे खंड्या दिसणारच.

बाकी धागा एक नंबर. त्या ट्रंकेत कडुलिंबाचा पाला टाका आधी.

निवांत_पाटी (शनिवार, रात्री ९:४०)

मी स्वतः माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. मराठवाड्यात, १७ वर्षं झाली. तुमच्या नवऱ्याचं म्हणणं अर्धं बरोबर आहे आणि अर्ध्याबद्दल मी त्यांच्याशी भांडेन.

तास ३५ मिनिटांचा. वर्गात ६४ मुलं. बाहेर काढून रांग लावण्यात ८ मिनिटं, परत आणण्यात ८, राहिली १९. शिवाय निवडणुकीचं काम, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती भरणं. पक्षी सप्ताह ५ ते १२ नोव्हेंबर, सालिम अली आणि मारुती चितमपल्ली दोघांचे जन्मदिवस त्यात येतात, कल्पना छानच. पण आमच्यापर्यंत ती 'अमुक तारखेपर्यंत उपक्रमाचे फोटो टाका' अशी पोचते. मग फळ्यावर पोपट काढून फोटो.

आणि बाहेर काही झालं तर? २०१६ साली मुरुडच्या समुद्रात पुण्याच्या कॉलेजची मुलं बुडाली, ते कुठलाही शिक्षक विसरलेला नाही. पाण्याजवळ नेतो म्हटलं की मुख्याध्यापकांच्या पोटात गोळा येतो आणि मी त्यांना दोष देत नाही. तुम्ही शुक्रवारच्या फेरीचं लिहिलंत तिथे मी थांबले. ती फेरी कुठल्याच कागदावर येत नाही. तिचा पगार नाही, तिचा फोटो नाही.

मी काय करते ते सांगू? कुंपणाच्या बाहेर जात नाही. मैदानाच्या कोपऱ्यात एक लिंब आहे, वर्षभर तेच झाड. पानं कधी गळली, मोहर कधी आला, मुंग्या कुठल्या बाजूने चढतात. देशभर शाळकरी मुलं 'सीझनवॉच' नावाच्या प्रकल्पासाठी अशाच नोंदी करतात: एक झाड ठरवायचं आणि दर आठवड्याला त्याची पानं, फुलं, फळं टिपायची. एकोणीस मिनिटांत बसतं.

शेंगदाणा (शनिवार, रात्री १०:१५)

इथे सगळे गहिवरणार दिसतंय म्हणून उलट बाजू मांडतो. आमच्याही शाळेत बाहेर नेणारे सर होते आणि मला ते अजिबात आवडायचं नाही. चिखल, डास, उन्हाने डोकं दुखायचं. परत आल्यावर 'निरीक्षण वही' भरायची. त्यात काय लिहायचं हे मला कधीच कळलं नाही, कारण मला काही दिसायचंच नाही. सगळे ओरडायचे 'तो बघ, तो बघ', मी म्हणायचो 'हो हो'. नववीत कळलं की मला चष्म्याची गरज आहे.

अवांतर_मास्तर (शनिवार, रात्री १०:२१)

म्हणजे बाहेर नेल्याचा फायदा झालाच की. फळ्यावरून कुणाच्या लक्षात आलं नसतं.

शेंगदाणा (शनिवार, रात्री १०:२४)

फळ्यावरूनच आलं. बाहेर मी 'हो हो' म्हणून निभावून नेत होतो.

कढीलिंब (रविवार, सकाळी ७:५०)

आमच्या शाळेत बाहेर फक्त मुलगे जायचे. "मुलींनी आकृत्या पूर्ण करा." मी जास्वंदाच्या फुलाचा उभा छेद इतक्या वेळा काढलाय की झोपेत काढून देईन. शाळेच्या दारात जास्वंद होती. ती तोडून ब्लेडने कापावी हे बाईंना सुचलं नाही आणि आम्हाला विचारायची हिंमत नव्हती.

खाडीकाठ, तुमच्यात मुलीही जायच्या?

खाडीकाठ (रविवार, सकाळी ९:३०)

जायच्या, पण पहिल्यापासून नाही. वह्यांतच दिसतं ते. पहिल्या तीन-चार वह्यांमध्ये मुलीचं अक्षर जवळजवळ नाही. मग एका जूनपासून दर आठवड्याला एक मुलगा, एक मुलगी. माझी ताई सांगते की सर त्याआधी घरोघर फिरले होते, आणि पहिली अट त्यांनी स्वतःलाच घातली होती: बारा वाजता प्रत्येक मुलगी तिच्या वाडीच्या वळणापर्यंत सोडणार. म्हणजे शनिवारी सरांचं जेवण दोन वाजता.

पक्षीवेडा, 'खंड्या आला' मलाही पहिल्यांदा तेच वाटलं.

डोलकाठी (रविवार, सकाळी ११:१२)

मी कोळ्यांच्या घरातला. गाव सांगत नाही, कोकणातलंच. आमच्याकडेही असे एक सर होते, घाटावरून आलेले, मन लावून शिकवणारे. सगळ्या वर्गाला खाडीवर न्यायचे. "मुलांनो, हे तिवर. ही त्याची श्वास घेणारी मुळं, चिखलात हवा नसते म्हणून ती वर डोकावतात." खरंच होतं सगळं. पण आमच्यातले सहा जण रोज त्या चिखलात उभे असायचे. खुरी कुठे लागते, चिंबोरी कुठल्या बिळात हात घातल्यावर चावते आणि कुठल्या बिळात नाही, हे कुणी विचारलं नाही.

एकदा ओहोटीला गेलो. माझी आई खडकावर कालवं काढत होती. कमरेला फडकं, गुडघ्यापर्यंत चिखल. सर म्हणाले, "पाहा, या बाई मृदुकाय प्राणी गोळा करत आहेत." सगळ्या वर्गाने पाहिलं. माझ्या आईला नमस्कार केला नाही, नाव विचारलं नाही. मी रांगेत मागे सरकून उभा राहिलो. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, मला तेव्हाही माहीत होतं. ३० वर्षं झाली, तरी मृदुकाय हा शब्द ऐकला की कान गरम होतात.

तुमच्या सरांना काही म्हणत नाही, ते वेगळे असतील. पण 'मुलांना निसर्गाजवळ नेलं' असं कुणी लिहिलं की मला विचारावंसं वाटतं, कुठल्या मुलांना?

कढीलिंब (रविवार, सकाळी ११:४०)

डोलकाठी, दोनदा वाचलं.

डहाणूची_लोकल (रविवार, दुपारी १:०५)

डोलकाठी यांच्या प्रश्नावरून कोसबाड आठवलं. आमच्या भागात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला १९४५ साली काम सुरू केलं, पुढे १९५७ ला कोसबाडच्या टेकडीवर गेले. वारली मुलं शाळेत येईनात, कारण गुरं कोण चारणार? मग 'कुरणशाळा' काढली. मुलं गुरं घेऊन जिथे जायची तिथे शिक्षक जायचे. शिकवायला वस्तू काय, तर पानं, बिया, खडे, शिंपले. माझी आजी सांगायची, शिक्षकाला आधी गुरं सांभाळायला शिकावं लागायचं. त्यात मुलं गुरू आणि गुरुजी शिष्य.

हे हायस्कूलचं विज्ञान नाही, मान्य. पण मुलाच्या कामाच्या जागी शाळा गेली की 'कुठल्या मुलांना' हा प्रश्न थोडा सुटतो.

गणिती_भुंगा (रविवार, दुपारी ३:२०)

मला नोंदींमधलं 'तिथी आणि भरतीची वेळ' हे जोडीने लिहिलेलं फार आवडलं. किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा आहे: तिथीला पाऊणपट करा, तेवढ्या वाजता भरती. पंचमी असेल तर पाच गुणिले पाऊण, पावणेचार. अष्टमीला सहा. अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या सुमाराला, म्हणून उधाण भर दुपारी किंवा मध्यरात्री. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे, खाडीत आत गेलात तर अजून उशीर.

का चालतो? चंद्र रोज साधारण ५० मिनिटं उशिरा डोक्यावर येतो, आणि पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटं. कुणीतरी पिढ्यान्‌पिढ्या बघून काढलेला हा पाढा आहे. दहावीच्या पुस्तकात का नाही कोण जाणे.

खाडीकाठ, तुमच्याकडे पाढा होता का?

खाडीकाठ (रविवार, रात्री ८:१५)

होता! पण सरांना तो येत नव्हता. पहिल्या वहीत भरतीच्या वेळेचा रकानाच नाही. दुसऱ्या वहीत मध्येच सुरू होतो आणि पहिल्या पानावर पेन्सिलने हाच पाढा लिहिलाय, शेजारी 'सौजन्य' म्हणून एका मुलाचा हजेरी क्रमांक. डोलकाठी, तुमच्या पोस्टनंतर मी मुद्दाम शोधलं. तुमच्या आईच्या बाबतीत झालं ते आमच्याकडे कधीच झालं नाही असं छातीठोकपणे नाही सांगू शकत. मी तेव्हा भटवाडीतली, पायात चप्पल असलेली मुलगी. मला दिसलं नसेल.

गणिताचंच अजून एक. कोकणात एवढा पाऊस पडतो आणि मे महिन्यात टँकर का, हा सरांचा आवडता प्रश्न. विहिरीच्या दोराला हातभर अंतरावर गाठी मारलेल्या. दर शनिवारी मोजायचं. दसऱ्यापासून पाणी कसं उतरत जातं त्याचा आलेख आम्ही भिंतीवर काढला होता. जांभा सच्छिद्र, पाणी धरून ठेवत नाही, झिरपून खाली निघून जातं. मग शाळेचं छप्पर मोजायला लावलं. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर. २०० चौरस मीटर छप्पर, ३,००० मिमी पाऊस, गुणाकार करा.

गणिती_भुंगा (रविवार, रात्री ८:२२)

६ लाख लिटर. दहा हजाराचा टँकर धरला तर ६० टँकर. नुसत्या शाळेच्या छपरावरून.

अवांतर_मास्तर (रविवार, रात्री ८:३०)

आणि नववीत 'जलसुरक्षा' विषयाची वही मित्राच्या वहीवरून उतरवणाऱ्या माझ्या चिरंजीवाला मी आत्ताच हे विचारलं. उत्तर: "बाबा, किती मार्कांना?"

ओरेगॉनकर (सोमवार, पहाटे ५:४५)

आमच्याकडे आत्ता संध्याकाळ. अमेरिकेत पोर्टलंडजवळ राहतो. इथे 'आउटडोअर स्कूल' ही जुनी परंपरा आहे, १९५०च्या दशकातली. पाचवी-सहावीची मुलं आठवडाभर जंगलातल्या कॅम्पवर जातात: माती, पाणी, झाडं, प्राणी. पूर्वी ज्या शाळांकडे पैसे त्यांचीच मुलं जायची. २०१६ च्या मतदानात लोकांनी कौल दिला की लॉटरीच्या उत्पन्नातून राज्यातल्या सगळ्याच मुलांचा खर्च करावा. माझी मुलगी गेली होती. गळ्यात लाकडाची चकती, तिच्यावर नाव. आणि तिथे लहान मुलांना सांभाळतात ती हायस्कूलची मोठी मुलं. सोळा वर्षांची पोरगी तिला ओढ्यातले किडे चाळणीत पकडून 'हे दिसले म्हणजे पाणी चांगलं' असं दाखवत होती. मोठ्यांचं न ऐकणारी माझी कन्या तिचं ऐकत होती.

सांगायचा मुद्दा असा की इथे ते एका सरांच्या सायकलवर अवलंबून नाही. सर निवृत्त झाले, संपलं, असं होत नाही.

निवांत_पाटी (सोमवार, सकाळी ६:५०)

हे महत्त्वाचं. पण कागदावर व्यवस्था आपल्याकडेही कमी नाही हो. पर्यावरणासाठी लढणारे वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ सालीच सांगितलं की पर्यावरण सक्तीने शिकवा. २००३ मध्ये पुन्हा बजावलं. २००१-०२ पासून राष्ट्रीय हरित सेना, शाळाशाळांत इको क्लब. या सगळ्याचं पुस्तक झालं, पुस्तकाचं गाईड झालं. माझ्या आधीच्या शाळेत हरित सेनेचा फलक होता, सुंदर हिरवा. त्याच्या खिळ्यासाठी ज्या झाडाला भोक पाडलं ते माझ्या नोंदीत आहे.

सक्तीने विषय येतो, शुक्रवारची फेरी येत नाही. ओरेगॉनकर, तुमच्याकडे जागा आधी पाहून यायला कुणाला तरी पगार मिळत असणार. तेवढं आपल्याकडे झालं तरी मी उद्या ओढ्यावर जाईन.

शेंगदाणा (सोमवार, सकाळी ९:१०)

मान्य. पण पालक म्हणून विचारतो, पोर्शन कसा संपायचा? खाडीकाठ, बोर्डाचा निकाल काय लागायचा तुमचा?

खाडीकाठ (सोमवार, सकाळी १०:००)

बाकी शाळांसारखाच. बाहेर गेल्यामुळे कुणी बोर्डात आलं नाही आणि बाहेर गेल्यामुळे कुणी नापासही झालं नाही. पोर्शन सर दिवाळीनंतर सकाळी सातला जादा तास घेऊन संपवायचे. माझ्या वर्गातून कुणी शास्त्रज्ञ वगैरे झालेलं नाही. मी बँकेत आहे.

एक मात्र घडलं. सड्यावर चिऱ्याची खाण निघणार होती तेव्हा ग्रामसभेत पाच-सहा माजी विद्यार्थी उठून बोलले. सातबाऱ्यावर सडा म्हणजे पोटखराबा, काही न पिकणारा. तो पहिल्या पावसात दिपकाडीच्या फुलांनी कसा पांढरा होतो आणि श्रावणात सीतेची आसवं किती असतात, ते आम्ही रिम टाकून मोजलेलं होतं. ती एवढीशी जांभळी फुलं पाण्यातले बारीक जीव पकडून खातात, कारण त्या कातळावरच्या मातीत नत्र जवळजवळ नसतं. ग्रामसभेत हे सांगितल्यावर लोक हसले. खाण झाली. अर्ध्या सड्यावर.

पक्षीवेडा_७८ (सोमवार, दुपारी १२:३५)

वाईट वाटलं. (कातळशिल्पं सापडल्यापासून सड्यांकडे जरा तरी लक्ष जातंय. ती २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत आली. फुलांसाठी नाही तर शिल्पांसाठी.)

'खं. आ.' वर विचार करत होतो आणि माझंच उत्तर मला पटेना. आपला नेहमीचा खंड्या बारमाही रहिवासी आहे. 'धोबी आला' लिहितात, कारण तो हिवाळी पाहुणा. 'नवरंग आला' लिहितात, कारण तो पावसाच्या तोंडावर येतो. कावळा आला असं कुणी लिहील का? मग एकच शक्यता, तिबोटी खंड्या. तो मात्र कोकणात पावसाळ्यात वीण करायला येतो, ओढ्याच्या दरडीत बीळ करतो. रायगडने त्याला जिल्हा पक्षी केलंय. नोंदी जून ते सप्टेंबरच आहेत का? तसं असेल तर ही वही सोन्याची आहे!

खाडीकाठ (सोमवार, दुपारी १:१५)

नाही हो. जानेवारीतही आहेत. फेब्रुवारीत तर सगळ्यात जास्त. आणि पाच वह्यांमध्येच आहेत, आधी नाही, नंतर नाही.

अवांतर_मास्तर (सोमवार, दुपारी १:२०)

सरांना विचारा की सरळ! आहेत ना?

खाडीकाठ (सोमवार, दुपारी १:२४)

विचारलं. म्हणाले, "तारखा मांडून बघ."

अवांतर_मास्तर (सोमवार, दुपारी १:२५)

दंडवत. निवृत्त झाले तरी गृहपाठ चालू.

गणिती_भुंगा (सोमवार, रात्री ९:५०)

मूळ प्रश्न राहिला बाजूला. वह्यांचं काय करायचं. मी आकडेवारीच्या कामातला आहे, म्हणून थोडं मास्तरी सांगतो.

पहिलं, आधी फोटो. प्रत्येक पान, समासासकट, कोऱ्या पानांसकट. वाळवीने खाल्लेल्या तीनमध्ये काही वाचतं का तेही. मोबाइल पुरतो, सावली पडू देऊ नका.

मग तक्ता भरताना दोन रकाने ठेवा: एकात जसं लिहिलंय तसं, शुद्धलेखनाच्या चुकांसकट, आणि दुसऱ्यात आपण लावलेला अर्थ. 'खं. आ.' ला आपण परवा 'खंड्या आला' असं एकाच रकान्यात लिहून टाकलं असतं तर आज पक्षीवेडांना शंका घ्यायला जागाच उरली नसती.

आणि पोकळ जागा भरू नका. सुट्टीत नोंद नाही तर नाही. सर शनिवारीच जायचे, म्हणजे 'पांगारा फुलला' याचा अर्थ त्या शनिवारी फुललेला दिसला, खरा दिवस आधीच्या सहातला कुठलाही. एवढं प्रामाणिकपणे लिहून ठेवलं तर आठवड्याच्या अचूकतेने २१ वर्षांची नोंद आहे ही. क्योटोत चेरी कधी फुलली त्याच्या नोंदी हजार-बाराशे वर्षांपासूनच्या आहेत आणि हवामानाचे अभ्यासक आज त्या वापरतात. ज्यांनी लिहिल्या त्यांना फक्त फुलं बघायची होती.

पक्षीवेडा_७८ (सोमवार, रात्री १०:३०)

+१. पक्ष्यांच्या नोंदी 'ई-बर्ड' या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर जुन्या तारखांनिशीही टाकता येतात. ओळख पक्की असेल तेवढ्याच. मी मदत करतो.

कढीलिंब (मंगळवार, सकाळी ८:२०)

टायपिंग मी करेन. जास्वंदाच्या आकृतीपेक्षा बरं.

खाडीकाठ (पुढचा रविवार, रात्री ९:०५)

धागा वर आणतेय. शनिवारी गावी जाऊन आले, सरांना भेटले. गणिती_भुंगा, तुमच्या सांगण्याप्रमाणे 'खं. आ.' च्या तारखा तिथीसकट मांडून नेल्या होत्या. त्यांनी चष्मा लावून बघितल्या आणि म्हणाले, "तिथ्या बघ." बहुतेक सगळ्या सप्तमी, अष्टमी, नवमीच्या आसपास. म्हणजे भांगाच्या. पाण्याला जोर नसतो, जाळ्याला मासळी कमी, बोटी किनाऱ्याला.

पक्षी नाही. मुलगा. आमच्या बऱ्याच आधीच्या तुकडीतला. पुलावरून खाडीत सूर मारायचा म्हणून पोरं त्याला खंड्या म्हणायची. वडिलांबरोबर बोटीवर जायचा, त्यामुळे शाळेत नसायचाच. भांगाच्या शनिवारी मात्र यायचा, आणि तोही मधल्या सुट्टीत, थेट बाहेरच्या तासाला. हजेरीपट सकाळी पहिल्या तासाला भरून बंद झालेला. म्हणून सरांनी त्याची हजेरी वहीच्या समासात ठेवली. पाच वर्षं. मधे दोनदा नापास झाला होता. दुसऱ्या वहीतला पाढा त्याचाच, तो हजेरी क्रमांक त्याचा.

निवांत_पाटी (रविवार, रात्री ९:२०)

दहावी झाला का?

खाडीकाठ (रविवार, रात्री ९:२६)

नाही. फॉर्म भरायला हजेरी लागते. समासातली कोण धरणार? सर मुख्याध्यापकांकडे वह्या घेऊन गेले होते म्हणे. पुढे काय झालं ते सांगितलं नाही. चहा घेतोस का म्हणाले. मला 'घेतोस' म्हणतात अजून, वर्गात सगळ्यांनाच म्हणायचे.

शेंगदाणा (रविवार, रात्री ९:४०)

आता कुठे आहे तो?

खाडीकाठ (रविवार, रात्री ९:४४)

स्वतःची बोट आहे. भांगाला घरी असतो. छप्पर बदलताना कौलं उतरवायला आला होता.

पक्षीवेडा_७८ (रविवार, रात्री ९:५२)

मग तक्त्यात हे कुठे घालायचं? पक्ष्यांच्या रकान्यात तर नाही.

गणिती_भुंगा (रविवार, रात्री ९:५८)

पहिल्या रकान्यात 'खं. आ.' जसंच्या तसं. दुसऱ्यात: उपस्थित.

डोलकाठी (रविवार, रात्री ११:३१)

भरतीच्या वेळा तपासायला कुणी लागेल ना? दुसरी वही मला पाठवा. फोटो नको, वहीच पाठवा, जपून परत करीन.

खाडीकाठ (रविवार, रात्री ११:३५)

पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. उद्याच कुरिअर करते.